गोदाबाईचा भगवंत

हवाई दल सोडून सूर्यभान अमरावतीला आला आणि गड्यांना फुटबॉल शिकवू लागला. पुढं जिल्हा संघटनेचा चिटणीस झाला. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून त्यानं अकोल्याजवळची लढाईच्या काळातली ओसाड धावपट्टी रविवारच्या सरावासाठी मिळवली. हे अठ्ठावन्न सालचं.

होळी होऊन गेली होती. उन्हं कलताना सराव चालला होता. एकाएकी गोलकीपर चंद्रभान चेंडू धरून थांबला.

"सर, इमान येऊन राहिलं."

घरघर सगळ्यांनाच ऐकू येत होती. आभाळ मात्र रिकामं होतं.

सूर्यभाननं कान दिला. आवाजातलं एक इंजिन मधूनच अडखळत होतं. त्याचंच विमान ते. ब्रह्मदेशच्या आघाडीवर तो तापानं फणफणला, तेव्हा त्याच्या जागी वलगावचा भगवंत ते घेऊन उडाला होता. "डावं इंजिन सांभाळ," एवढंच सूर्यभान खाटेवरून बोलला. पुढं ना विमान सापडलं, ना भगवंत.

"पट्टी मोकळी करा! पळा!"

गडी निंबाकडे धावले. सूर्यभान पट्टीच्या टोकाला उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून खुणा करू लागला. समोरचं वाळलेलं गवत दोन ओळींत दबत त्याच्याकडे आलं. गरम तेलाचा वास अंगावर आला. घरघर त्याच्या पुढ्यात थांबली. मग काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तो वलगावला गेला. भगवंताची आई, गोदाबाई, ओसरीवर ज्वारी पाखडत होती.

"माय, काल..."

"हळू बोल बापू," तिनं सूप खाली ठेवलं. "थो आत निजला हाये. काल सांजच्याले आला. म्हने, सूर्यभाननं उतरवलं मले."

आतल्या खोलीत अंधार होता. खाटेवरची गोधडी खाली माणूस असावं तशी वर आलेली दिसत होती. सूर्यभानचा पाय उंबऱ्यापाशीच अडला.

"जेवला का?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"उठल्यावर वाढीन. लय दमला हाये."

बूट काढून तो तिच्याजवळ बसला. दिवेलागणीपर्यंत दोघं हळू आवाजात बोलत राहिले. आत कोणी कूस बदलली की दोघंही गप्प होत.

पुढच्या आठवड्यापासून सराव अमरावतीलाच होऊ लागला. धावपट्टी सूर्यभाननं त्या विमानासाठी सोडून दिली.