बावीस चादरींचं घर

ओटिली ब्राँड पोलिसात लागली तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. नवरा वारल्यावर आठ वर्षं तिनं लॉन्ड्रीत ओल्या चादरी पिळल्या होत्या. हात सोड्यानं सोलवटलेले, मनगटं मात्र लोहारासारखी. अमेरिकेत एरी सरोवराकाठच्या एका शहरात महिला मंडळांनी महापौरांकडे दोन वर्षं धोशा लावला, तेव्हा कुठे १९१४ साली पोलिसात एका बाईची नेमणूक झाली. गणवेश नाही, पिस्तूल नाही. एक पितळी बिल्ला मिळाला, तोही कोटाच्या आत लावायचा.

"बाई, चोर सापडला तर त्याला आधी बेड्या घालणार की सूप पाजणार?" पहिल्याच दिवशी सार्जंट टिअर्नीनं सगळ्या ठाण्यासमोर विचारलं.

"आधी नाव विचारीन," ओटिली म्हणाली. "तुम्ही तेवढंही विचारत नाही, असं ऐकलंय."

काम मात्र तिला कुणी दिलं नाही. तीन आठवडे ती हरवलेल्या छत्र्यांच्या नोंदी करत बसली.

मग एका सकाळी पोलाद कारखान्याच्या वस्तीतून हुडाकबाई आल्या. स्लोव्हाक बाई, डोक्याला रुमाल, इंग्रजी मोडकंतोडकं. त्यांची एकोणीस वर्षांची लेक वेरोना दहा दिवसांपूर्वी नोकरीवर गेली, ती गेलीच. रविवारी घरी येणार होती. ना ती आली, ना चिठ्ठी.

"एकोणीस वर्षांची ना?" टिअर्नी म्हणाला. "मग गेली असेल कुणाचा तरी हात धरून. येईल जावयाला घेऊन. तुम्ही केक करून ठेवा."

हुडाकबाईंना शब्द कळले नसावेत, पण सूर कळला. त्या बाकावर जाऊन बसल्या आणि तिथून हलेनात. ओटिली त्यांच्याशेजारी टेकली, आपल्या माहेरच्या जर्मनमध्ये बोलू लागली. जुन्या देशात त्या एका जर्मन घरी कामाला होत्या, त्यामुळे तेवढी भाषा त्यांना येत होती. त्यांनी रुमालाच्या घडीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. 'आजारी आईच्या सोबतीला सुशील मुलगी हवी. राहणं-जेवण घरीच. सामानासह यावं.' पत्ता नाही, नुसता टपालपेटीचा नंबर.

"ट्रामच्या थांब्यावर एक माणूस घ्यायला आला होता," हुडाकबाई म्हणाल्या. "मोठा साहेब वाटला हो. तिची पेटी त्यानं स्वतः उचलली."

टपाल कचेरीनं पोस्टमास्तरांच्या चिठ्ठीशिवाय नाव सांगायला नकार दिला, आणि पोस्टमास्तर रजेवर. ओटिलीला एकच धंदा आतूनबाहेरून ठाऊक होता. ती लॉन्ड्र्या पालथ्या घालू लागली. दुसऱ्या दिवशी चौथ्या लॉन्ड्रीत एक जुनी इस्त्रीवाली भेटली.

"टेकडीवर एक घर आहे बघ," ती म्हणाली. "मालक सांगतो, मी आणि माझी अंथरुणाला खिळलेली आई. आणि आठवड्याला बावीस चादरी! वर पोरींचे पेटीकोट. म्हातारी काय नाचायला जाते?"

ओटिलीनं हे टिअर्नीला सांगितलं. "चादरींवरून वॉरंट मागू?" तो म्हणाला. "न्यायाधीश मला त्याच चादरीत गुंडाळून घरी पाठवतील."

"मग मी जाते."

"एकट्या?"

"धुणं द्यायला फौज लागत नाही."

सकाळी अकरा वाजता लॉन्ड्रीच्या घोडागाडीतून ती त्या घराच्या मागच्या दाराशी उतरली. कडेवर टोपली. स्वयंपाकीण वर न बघताच म्हणाली, "वर ठेव." वरच्या मजल्यावर एका खोलीला बाहेरून कडी होती.

"वेरोना," ओटिली हळूच म्हणाली, "तुझी आई दोन दिवस ठाण्यातल्या बाकावर बसून आहे."

आतून हुंदका आला. तिनं कडी काढली. आत तीन मुली, तिघीही अनवाणी. पळून जाऊ नयेत म्हणून बूट काढून घेतलेले.

जिन्यावर पावलं वाजली. घराचा मालक प्रेस्कॉट, खरंच मोठा साहेब दिसणारा, दारात उभा राहिला. "कोण तू?"

तिनं कोटाची एक बाजू उघडली. बिल्ला बघून तो खो खो हसला. "बाईमाणूस मला अटक करणार? हात तरी लावून दाखव."

तिनं लावला. आठ वर्षं चादरी पिळलेली पकड त्याच्या मनगटाभोवती आवळली, तसं त्याचं हसू आटलं. गाडीवाला आवाज ऐकून वर धावत आला, पण त्याला करायला काही उरलं नव्हतं. मळक्या कपड्यांच्या ढिगाऱ्यावर तीन मुली आणि पुढे गाडीवाल्याच्या फळीवर ओटिलीच्या मुठीत प्रेस्कॉट, अशी ती लॉन्ड्रीची गाडी भर दुपारी ठाण्यासमोर थांबली. हुडाकबाई बाकावरून उठल्या. लेकीला छातीशी धरलं, आणि मग रागानं तिच्या पाठीत एक धपाटाही घातला.

कोर्टात मात्र मुलींची वाचा बसली. बाकं बघ्या पुरुषांनी भरलेली. आरोपीचा वकील म्हणाला, "खरं असतं तर बोलल्या नसत्या का?"

ओटिली परवानगी न मागताच उभी राहिली. "न्यायमूर्ती, या खोटं बोलत नाहीत, लाजतायत. या लोकांना बाहेर घालवा आणि मला त्यांच्याजवळ बसू द्या."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, "साक्षीशी संबंध नसलेल्यांनी बाहेर जावं."

वेरोना दीड तास बोलली. एकही प्रश्न तिनं टाळला नाही. मुलींना फसवून आणून धंद्याला लावल्याबद्दल प्रेस्कॉटला पाच वर्षांची सजा झाली. त्यानंतर टिअर्नीनं कधी माफीबिफी मागितली नाही. फक्त कुणाची आई रडत आली की तो म्हणायचा, "माझ्याकडे नको, आत ब्राँडबाईंकडे जा."

वस्तीत कुजबुज राहिलीच. वेरोना घराबाहेर पडेना. ईस्टरच्या सकाळी ओटिली आपली बरी टोपी घालून तिच्या दारात उभी राहिली. स्वतः लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट असूनही ती तिला तिच्या कॅथलिक चर्चमध्ये घेऊन गेली, मागच्या नव्हे, पुढच्या ओळीत बसली, आणि प्रार्थनेतलं एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत तिच्याबरोबर उभी राहिली.