एकाचा फरक

बेरजेत एकाचा फरक राहिला की उजमाला घास उतरत नाही, असं माझी अम्मी साऱ्या मोहल्ल्याला सांगत असते. त्या शुक्रवारी रोजाच होता, त्यामुळे घासाचा प्रश्न नव्हता. पण राज्याच्या तक्त्यात नांदेडपुढे लाल खूण लागली होती. प्रयोगशाळेने तीन दिवसांत आमच्या नावावर जेवढे पॉझिटिव्ह कळवले होते, त्यापेक्षा आमच्या आकड्यात एक कमी होता.

दोन हजार एकवीसचा एप्रिल. मी करोना कक्षात कंत्राटी डेटा ऑपरेटर होते. रोज पाच वाजता जिल्ह्याचा आकडा मुंबईला जायचा, आणि त्याआधी पडद्यावर एकाही रुग्णाची ओळ 'प्रलंबित' दिसता कामा नये, अशी साहेबांची ताकीद असायची.

"एकच आहे ना? टाकून दे बिलोली तालुक्यात एखादा," साहेब म्हणाले.

मला रागच आला. एखादा म्हणजे कोण? आकडा झाला म्हणून काय कोणीही चालतो? मी तीन दिवसांच्या ओळी एकेक करून पाहायला बसले.

आमच्याकडे प्रलंबित ओळ नाहीशी करायची एक सोपी सोय होती. नमुना नांदेड जिल्ह्यात दिलेला असला आणि आधारकार्डावर पत्ता लातूरकडचा असला, तर एक बटण दाबून ती ओळ लातूरला पाठवता यायची. तिकडून स्वीकारेपर्यंत ती कुणाच्याच आकड्यात नसायची. लातूरला माझ्यासारखाच एक संगमेश बसायचा. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवर दिवसातून चारदा भांडायचो. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, अशी गत. अशा ओळींना आम्ही 'पाहुणे' म्हणायचो.

"उजमाताई, तुमचे पाहुणे लई झाले. परत लावून देतो," तो म्हणायचा.

"तुमच्या गावचे आहेत. तुम्हीच चहापाणी बघा," मी म्हणायचे, आणि दोघंही हसायचो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

दुपारी तीनला ओळ सापडली. अक्षरा मल्लिनाथ, वय तेवीस. नमुना बिलोलीत दिलेला, पत्ता लातूर जिल्ह्यातल्या उदगीरचा. मंगळवारी पावणेपाचला मी ती लातूरला ढकलली होती. बुधवारी संगमेशने परत पाठवली. गुरुवारी मी पुन्हा ढकलली, न उघडताच. तीन दिवस ती दोन जिल्ह्यांच्या मधे लटकत होती. आता उघडून पाहिली, तर शेऱ्यात लिहिलं होतं, 'गरोदर, नववा महिना.'

मी संगमेशला फोन लावला. "ही बुधवारी परत का पाठवलीत?"

"तिच्या सासऱ्याला फोन लावलो होतो, ताई. सिद्रामप्पा म्हणून हायत, उदगीरला किराणा दुकान हाय त्यांचं. म्हणले, सून हितं न्हाई, बाळंतपणाला माहेरी गेली. मग पेशंट तुमच्याकडंच की."

"माहेरचा नंबर घेतलात?"

"न्हाई."

त्याला बोल लावायला मला तोंड नव्हतं. त्याने निदान एक फोन तरी केला होता. पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे शेंबडं पोरही सांगेल. मी फक्त कार्डावरचा पत्ता पाहिला होता.

ओळीतल्या नंबरवर फोन लावून मी करोना कक्षाचं नाव सांगताच सिद्रामप्पांनी आधी दुकानाचंच काढलं. "सील लावू नका, बाई. इथं कुणालाच काई न्हाई."

"दुकानाचं राहू द्या, काका. मंगळवारी तुमच्या मोबाइलवर सुनेच्या तपासणीचा मेसेज आला होता का?"

"आला होता."

"सुनेला सांगितलं?"

"भरल्या दिवसांत पोरीला घोर कशाला लावायचा? विहीणबाई म्हणल्या, साधा ताप हाय, उतरंल. म्हणून गप बसलो." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "काई वाईट हाय का, बाई?"

मी म्हटलं, "नंबर द्या."

अक्षराच्या आईचं नाव रत्नम्मा. बाई अगदी निवांत बोलत होत्या. "ताप उतरला की. आता बरी हाय. कालपासनं झोपूनच हाय नुसती."

त्या दिवसांत आम्ही सगळेच अर्धे डॉक्टर झालो होतो. ताप उतरून माणूस नुसतं झोपायला लागलं, की ऑक्सिजन उतरतोय असं समजायचं, हे मला ठाऊक होतं. "तिला उठवा," मी म्हणाले. फोन तसाच ठेवून त्या आत गेल्या. मला हाका ऐकू येत होत्या. अक्षरा. अगं अक्षरा. मी मोजत होते. पाचव्या हाकेला बारीकसं "ओ" आलं.

बिलोलीच्या आशा सेविकाताईंना तिच्या घरी पळवलं. त्यांनी बोटाला यंत्र लावून ऑक्सिजनचा आकडा सांगितला, चौऱ्याऐंशी. अँब्युलन्सला फोन केला, बेडसाठी साहेबांच्या हातापाया पडले. साहेबांनी मात्र तेव्हा एका शब्दानेही अडवलं नाही. स्वतः चार ठिकाणी फोन केले. पाचला पाच मिनिटं असताना अँब्युलन्स निघाल्याचं कळलं. मी ती ओळ उघडली आणि जिल्ह्याच्या रकान्यात नांदेड लिहिलं. लाल खूण गेली.

पुढचे बारा दिवस संगमेश रोज सकाळी फोन करायचा. पाहुण्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. सिद्रामप्पा दुकानाला कुलूप लावून नांदेडला आले होते आणि दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली बसून होते, एवढं तो त्यांच्याशी बोलून मला सांगायचा.

अक्षरा वाचली. बाळ मात्र चौथ्या दिवशी पोटातच गेलं. मुलगी होती.

"डॉक्टर म्हणले, दोनच दिवस आधी आणलं असतं तर..." संगमेश म्हणाला. ते दोन दिवस कुठे गेले, हे डॉक्टरांपेक्षा आम्हा दोघांना जास्त माहीत होतं.

बाराव्या दिवशी अक्षराला घरी सोडलं. मी तिच्या ओळीत 'बरी झाली' निवडलं आणि ओळ हिरवी झाली. मृत्यूच्या रकान्यात काही भरायचं तर आधी नमुन्याचा क्रमांक लागतो. बाळाचा नमुना नव्हता, नाव नव्हतं, ओळ नव्हती. मी सगळे रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले. त्या बाळासाठी कुठेच जागा नव्हती.

"जुळलं का?" पाच वाजता साहेबांनी विचारलं.

"जुळलं," मी म्हणाले आणि आकडा पाठवून दिला.

संध्याकाळी अजान झाली. अम्मीने खजूर हातात दिला. तो मी तोंडात धरून बसले, गिळवेना. अम्मी माझ्याकडे बघत राहिली.

"आज पण फरक राहिला का, बेटा?"

"एकाचा," मी म्हणाले.