दुपारचं टेबल

आर्डिसने हातातल्या दोन्ही राण्या पालथ्याच टेबलाच्या मधोमध सरकवल्या आणि ती खुर्चीत मागे टेकली. उघड्या पत्त्यांत राजा पडला होता. समोर रॉइसने चिप्सची चवड पुढे ढकलून हात मांडीवर ठेवले होते.

"टाकलेस?" शेजारच्या व्हर्जिलने विचारलं. "काय होतं हातात?"

"काही नव्हतं."

रॉइसने चिप्स ओढून घेतल्या. आपले पत्ते त्याने दाखवले नाहीत. पत्ते वाटणाऱ्या जोलीनने प्रत्येक डावातून काढायचा तसा कसिनोचा वाटा काढून टेबलाच्या फटीत टाकला आणि पुन्हा पिसायला घेतलं.

थोड्या वेळाने ती आणि रॉइस कॉफीच्या यंत्रापाशी उभी होती.

"राण्या होत्या ना?" रॉइस म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"टाकण्याआधी एक मोठा श्वास घेतलास. तो घ्यायचा नाही." त्याने तिच्या पेल्यात साखर टाकली. "पण टाकल्यास, ते बरोबर केलंस. हिवाळ्यात तू त्या राण्या उराशी धरून बसली असतीस."

हिवाळ्यात आर्डिसला यातलं काहीच कळत नव्हतं. तिचा नवरा लीलँड ऑक्टोबरात गेला. एल्कोच्या खाणीत त्याने उभा जन्म अवजड ट्रक दुरुस्त केले होते, आणि निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी दोन वाजता तो गावातल्या या लहानशा कसिनोत पोकर खेळायला यायचा. त्याच्या दफनाला टेबलावरचे चौघंही इस्त्रीचे शर्ट घालून आले होते. आर्डिस त्यांना कधी भेटली नव्हती, तरी चौघांनाही नावानिशी ओळखत होती. रात्रीच्या जेवणात लीलँड रोज त्यांच्याच गोष्टी सांगायचा. जमिनी मोजणारा सर्व्हेअर होता तो रॉइस, टायरचं दुकान होतं तो व्हर्जिल, आणि ते दोघे मेंढपाळ भाऊ, जे एकमेकांशी कधीच बोलत नसत.

दफनानंतर दुपारचे दोन वाजले की घर अंगावर यायचं. एके दिवशी ती गाडी काढून इथे आली आणि नवऱ्याच्या खुर्चीत बसली. चौघांनी उठून तिचं स्वागत केलं. ती हरत गेली आणि ते तिला लीलँडचे किस्से सांगत गेले. त्याचं नाव मोठ्याने घेणारी माणसं गावात आता एवढीच उरली होती. त्याची बहीणसुद्धा फोनवर हवापाण्याचं बोलून मोकळी व्हायची.

तिसऱ्या आठवड्यात रॉइस पार्किंगमध्ये तिच्या गाडीपाशी येऊन थांबला. "सकाळी मोकळी असतेस का? जरा शिकवतो तुला."

त्याने खरोखरच शिकवलं. आठवड्यातून दोनदा सकाळी तो तिच्या स्वयंपाकघरात पत्त्यांचा जोड घेऊन बसायचा. बहुतेक डाव टाकूनच द्यायचे असतात, हे आधी शिकवलं. मग कुणी किती पैसे लावले त्यावरून त्याच्या हातात काय असेल याचा अदमास घ्यायला शिकवलं. आर्डिसने तीस वर्षं शाळेच्या खानावळीत काम केलं होतं. कोणतं पोर खोटं बोलून दुसऱ्यांदा पुडिंग मागतंय, हे तिला ताट पुढे येण्याआधीच कळायचं. तसं बघायचं, रॉइस म्हणाला, फक्त बोलायचं काही नाही.

वसंत आला तोवर तिचं हरणं थांबलं. मग थोडंफार जिंकणंही सुरू झालं.

एका सकाळी रॉइस यायच्या आधी तिने टेबल पुसलं आणि लीलँडचा सर्वांत गाजलेला डाव मांडून पाहिला. हा डाव तिला पाठ होता. त्याच्या हातात चौकटची नव्वी आणि सत्ती, रॉइसकडे दोन एक्के. रॉइसने भरमसाट पैसे लावले, तरी लीलँड मागे हटला नाही, आणि शेवटचा पत्ता चौकटचा पडून त्याचे पाच चौकट जुळले. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आर्डी," तो सांगायचा. सांगताना दर वेळी काटा खाली ठेवायचा.

तिने शेवटचा पत्ता ओढला. इस्पिक. तो परत घालून जोड पिसला आणि पुन्हा ओढला. बदाम. कॉफी गार होईस्तोवर ती पत्ते ओढत राहिली. चौकट येत होती, पण चार-पाच वेळा हुलकावणी दिल्यावर एकदा. मधले सगळे हरलेले डाव कुणी जेवणाच्या टेबलावर सांगितले नव्हते. मासेमारीची बोट विकली तेव्हा पैशांचं काही न बोलता लीलँड म्हणाला होता, गुडघा साथ देत नाही, आता कुठली मासेमारी. तिने त्या गुडघ्याला महिनाभर तेल चोळलं होतं.

दारावर टकटक झाली. रॉइस आत आला, टेबलावर मांडलेले पत्ते पाहिले आणि टोपी न काढताच बसला.

"त्याला का नाही शिकवलंस?" तिने विचारलं.

रॉइसने सत्ती उचलून पालथी ठेवली. "त्याने कधी विचारलं नाही."

"रॉइस."

"तो खूश असायचा, आर्डिस. तुला नाही कळायचं. हरला तरी जाताना आमच्या पाठीवर थाप मारून जायचा." त्याने पत्ते गोळा करायला घेतले. "टेबलावर एक तरी असा लागतो. सगळेच नीट खेळायला लागले तर कसिनोचा वाटा भरण्यातच सगळे संपतात. हे काही मी केलेलं नाही. खेळच तसा आहे."

"आणि मी?"

"तुझ्याकडून घेणं नाही जमलं मला."

तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. त्याला घराबाहेर काढावं असं तिला वाटलं. पण तो गेल्यावर दुपारी दोन वाजता कुठे जायचं, हे काही सुचेना. त्या दिवशीही ती गेली आणि आपल्या खुर्चीत बसली. व्हर्जिलने लीलँडचा एक विनोद सांगितला. ती हसली. हसायचं तिथेच, नेमकी.

रॉइस म्हणाला होता तसंच पुढे झालं. पाचही जण पत्ते टाकत, वाट पाहत बसायचे. जोलीन वाटायची, कसिनोचा वाटा काढायची, पुन्हा वाटायची. चवडी हळूहळू खचत गेल्या. मेंढपाळ भावांपैकी धाकटा यायचा बंद झाला, मग थोरलाही. व्हर्जिल घड्याळ बघायला लागला. जुलैत व्यवस्थापक टेबलाशी आला आणि जरा ओशाळूनच म्हणाला की तीन माणसांसाठी टेबल चालू ठेवणं परवडत नाही, इथे जुगाराची आणखी चार यंत्रं बसतील. महिनाअखेरपर्यंत बघू.

"मी स्पार्क्सला मुलीकडे जाईन म्हणतो," व्हर्जिल म्हणाला. "इथे काय आहे तरी."

महिना संपायच्या आधीच एमेट आला. पंचाहत्तरीचा, उंच, कानात यंत्र. बायको विस्मृतीने आजारी, नर्सिंग होममध्ये होती आणि आता त्याला ओळखत नव्हती. सकाळी तिला भरवून तो गावात भटकायचा. टेबलाशी घुटमळत त्याने विचारलं, "नवख्या माणसाला बसू देता का इथे?"

"बसा की," व्हर्जिल म्हणाला आणि खुर्ची ओढून दिली.

एमेटला कुठलाही पत्ता टाकवत नसे. हातात काही नसलं तरी पुढे काय पडतंय ते बघायचंच असायचं त्याला, आणि आपले पैसे तो मिठाई वाटावी तसे देऊन टाकायचा. चुकून जिंकला की कान लाल होत. त्याच आठवड्यात थोरला मेंढपाळ परतला, आणि दोन दिवसांनी धाकटा. व्यवस्थापकाने यंत्रांचा विषय पुन्हा काढला नाही. व्हर्जिलचं मुलीकडे जाणं पुढच्या उन्हाळ्यावर गेलं.

आर्डिस एमेटकडून जिंकत होती. बाकीच्यांपेक्षा जास्तच, कारण त्याच्या शेजारची खुर्ची तिची होती आणि तो मोठे पैसे लावण्याआधी कानातलं यंत्र चाचपतो, हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण तिने त्याच्या बायकोचं नावही विचारून घेतलं. ग्लेनिस. रोज ती ग्लेनिसची चौकशी करायची, आणि ती मनापासून करायची.

शुक्रवारी एमेटची मुलगी त्याला न्यायला आली. नर्सच्या निळ्या कपड्यांतच होती, चेहरा ओढलेला. एमेट प्रसाधनगृहात गेला तशी ती आर्डिसजवळ आली.

"तुम्हीच आर्डिस ना? मी कार्ला. बाबा रोज जेवताना तुम्हा सगळ्यांचंच बोलत असतात. आईला तिकडे ठेवल्यापासून घरात आवाज म्हणून नव्हता." तिने आवाज खाली आणला. "खरं सांगू का, मला भीती वाटत होती. कसिनो म्हटलं की माणसं कशी असतील कुणास ठाऊक. तुम्हाला बघितलं आणि जिवात जीव आला."

आर्डिसने मान हलवली.

"एक विचारायचं होतं. त्यांना शिकायचंय हो. इथे विचारायला लाजतात. तुम्ही छान खेळता म्हणाले. एखाद्या सकाळी थोडं दाखवाल का? मी सुपरमार्केटमधला केक घेऊन येईन, मला घरी करायला सवड होत नाही."

टेबलावर जोलीनचे हात थांबले होते. व्हर्जिल चिप्स रचता रचता थबकला. रॉइस कुणाकडेच बघत नव्हता. तो टेबलाच्या हिरव्या कापडावरची एक जुनी भाजल्याची खूण अंगठ्याने घासत होता.

एमेट परत आला. मुलगी काय बोलली ते ओळखून तो कान लाल करून उभा राहिला. त्याला कोटाची बाही सापडत नव्हती. आर्डिस उठली, तिने बाही धरली आणि त्याचा हात आत घातला.

"तुम्हाला कशाला शिकवायला हवं," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ निघाला. "पत्ते साथ देत नाहीत एवढंच. खेळ छान आहे तुमचा."

"खरंच?"

"मग."

एमेट मुलीकडे वळला. ऐकलंस ना, असं त्याच्या तोंडावर होतं. कार्लाने आर्डिसचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि दोघं सरकत्या दारातून बाहेर उन्हात गेली.

आर्डिस खाली बसली. जोलीनने तिच्यापुढे दोन पत्ते टाकले. तिने ते लगेच उचलले नाहीत.

"तुझी पाळी, आर्डिस," रॉइस म्हणाला. अगदी हळू.