राणीमाश्या पाठवणारा

तत्त्वासाठी उपाशी राहण्याची ताकद सगळ्या सजीवांत एकट्या माणसाला दिलेली आहे, आणि सिल्वोला याचा अभिमान होता. शुक्रवारी दुपारी बेलग्रेडच्या एका जुन्या खानावळीत त्याने घेवड्याच्या वाटीतून डुकराच्या चरबीचा तुकडा चमच्याने उचलून बशीच्या कडेला ठेवला, तेव्हा तो अभिमान पोटात गुरगुरत होता.

"हे मांस आहे," तो म्हणाला.

"हे?" राडे नावाच्या वेटरने वाकून पाहिलं. "हे नुसतं वासाला. मांस म्हणजे ते." त्याने शेजारच्या टेबलावरच्या भाजलेल्या मांसाच्या सळयांकडे हनुवटी उडवली.

"मी व्हिगन आहे. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही."

"मग कुणी?"

सिल्वोने हातरुमालाची घडी मोडून पुन्हा घातली. खरं उत्तर 'बायकोने' असं होतं आणि बायको, दार्या, ल्युब्ल्यानाचं घर सोडून गेली त्याला अर्धं वर्ष झालं होतं. ही सहल त्याआधीच दोघांच्या नावाने ठरलेली होती. हॉटेलवाल्यांनी पलंगावर टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवले होते. दार्या जाताना मांजर, शिलाईयंत्र आणि चांगल्या सुऱ्या घेऊन गेली. मागे राहिले तिचे नियम. त्यातला सगळ्यात कडक मधाचा. मध म्हणजे माश्यांच्या घरी घातलेला दरोडा, असं ती म्हणायची. आणि तेही स्लोव्हेनियात, जिथे माणूस एकवेळ शेजाऱ्याला नावं ठेवील, पण मधमाशीला नाही. सिल्वो एकूण एक नियम पाळत होता. एक जरी मोडला, तरी ती परत येणार नाही हे त्याने मान्य केल्यासारखं झालं असतं.

"तत्त्व आहे," तो म्हणाला.

"स्लोव्हेनियाचा ना तू? बोलण्यावरून कळतंच. तुम्ही लोक पहिल्यापासून असेच. आधी आमच्याबरोबरचा देश सोडलात, आता कोंबडीही सोडलीत." राडेने वाटी उचलली. "हे बघ भावा, त्या शब्दाने तुला इथे काकडी मिळेल. उपास आहे म्हण. आमच्या उपासालाही मांस, दूध, अंडं चालत नाही."

"पण मला उपास नाही."

"देवाशी मी बोलतो. तू म्हण तर खरं."

सिल्वोने इकडेतिकडे पाहिलं. "उपास आहे."

राडेचा आवाज एकदम खाली आला. "मग आधी नाही का सांगायचं? देसांका वहिनींचा नवरा गेला, त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण आहे मागच्या खोलीत. शुक्रवार, म्हणून सगळं उपासाचं. अशा जेवणाला परक्यालाही कुणी नको म्हणत नाही. चल."

मागच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल मांडलं होतं. ताटं ओळीने लावलेली, आणि जवळजवळ सगळी कोरी. पार टोकाला, मेणबत्ती लावलेल्या फोटोपाशी, काळ्या कपड्यांतली एक बाई आणि कानामागे हात धरलेला एक म्हातारा एवढेच बसले होते.

"देसांका वहिनी," राडे म्हणाला, "हे स्लोव्हेनियाहून आलेत. उपास करतात."

बाई उठल्या. त्यांनी सिल्वोकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडल्या, "चेदाभाऊ, बघा, आले! म्हटलं नव्हतं मी? आमच्या व्लास्ताला पोळ्यांसाठी राणीमाश्या पाठवायचे, ते!"

"पोस्टाने!" म्हातारा खूश झाला. "डबी गुणगुणायची! पोस्टमन फाटकातूनच फेकायचा!"

सिल्वोने तोंड उघडलं. तेवढ्यात देसांकाबाईंनी आपल्या शेजारची खुर्ची मागे ओढली. कितीतरी दिवसांत त्याच्यासाठी कुणी खुर्ची ओढली नव्हती. तो बसला.

कोबीच्या पानात गुंडाळलेला भात आला, भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी आली, तोच घेवडा आला, या वेळी चरबीशिवाय. सिल्वो मान खाली घालून जेवला.

"मग?" चेदाभाऊंनी विचारलं. "यंदा राण्या काय म्हणतात?"

"बऱ्या आहेत." सिल्वोने पावाचा तुकडा मोडला. "डबीत जरा एकट्या पडतात."

"काय पडतात?"

"एकट्या!"

देसांकाबाईंचा हात चटणीच्या भांड्यावर थांबला, मग पुढे गेला.

शेवटी त्यांनी एक वाटी त्याच्यापुढे सरकवली. शिजवून वाटलेले गहू, वर अक्रोड, आणि गव्हाला सोनेरी चकाकी.

"व्लास्ताने काढलेला शेवटचा मध," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तुमच्याच राण्यांचा."

चेदाभाऊ टक लावून पाहत होते. फोटोतले व्लास्ताही. सिल्वोने चमचा वाटीच्या कडेला टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला.

चेदाभाऊ सिगारेट ओढायला अंगणात गेले. देसांकाबाईंनी पडलेले पावाचे कण तळहातात गोळा केले.

"डबीत राणी एकटी नसते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सोबतीला सात-आठ माश्या घालतात. नाहीतर वाटेतच मरते."

सिल्वोने चमचा खाली ठेवला. "मी सांगणारच होतो."

"मला दारातच माहीत होतं. खऱ्या राणीवाल्यांचा सकाळीच फोन आला, गुडघा धरलाय, जमणार नाही म्हणून. पण मी अख्ख्या गल्लीला सांगून बसले होते, तिकडून माणूस येणार, मोठं टेबल लावा. गल्लीही आली नाही." त्यांनी कण रिकाम्या ताटात झटकले. "निदान चेदाभाऊंनी तरी पाहिलं."

"मी निघू का?"

"बसा हो. घाई आहे कुठली?"

त्याने विचार करून पाहिला. घाई कुठलीच नव्हती.

"उपास तरी खरा आहे का?"

"नाही."

देसांकाबाईंनी मान डोलावली, त्याची वाटी ओढून घेतली आणि पुन्हा भरली. सिल्वो नको म्हणाला नाही.

दुसऱ्या वाटीत मध जास्त पडला होता.