ताईची बाजू

वडिलांनी प्लॉट घेतला तो आम्हा दोघा भावंडांसाठी. डावीकडे धाकट्याचं घर, उजवीकडे माझं, हे त्यांच्या हयातीतच ठरलं होतं. ते गेल्यावरही घरात तसंच बोललं जायचं, धाकट्याची बाजू, ताईची बाजू. आईसुद्धा म्हणायची, "ताईच्या बाजूला ऊन छान येतं गं." मी राहते भाड्याच्या जागेत, तिथे ऊन समोरच्या इमारतीच्या परवानगीनं येतं. आईच्या त्या एका वाक्यावर मी बरेच दिवस काढले.

आधी धाकटा बांधणार होता. नकाशाचा कीस मीच पाडला. जिना मधे नको, आईची खोली खालीच हवी, बाथरूम तिच्या खोलीला लागून हवं. घर डाव्या कुंपणाकडे सरकवून बसवायचं, हे तर सांगायचीही गरज नव्हती.

आखणीच्या दिवशी मला पोचायला उशीर झाला. खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून झाल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "ताई, गार्डनच्या बाजूनं या, इथे दोरीत पाय अडकेल."

"कुठली गार्डनची बाजू?"

त्यांनी हात केला. माझीच होती ती. म्हणजे तिच्यातलं जे उरलं होतं ते, कारण घर सरकून प्लॉटच्या मधोमध आलं होतं. उरलेल्या पट्ट्यात माणूस फेऱ्या मारू शकतो, घर बांधू शकत नाही.

"चारी बाजूंनी हवा खेळती राहते," धाकटा दोरीकडे बघत म्हणाला. भावजयीनं न वाजलेला फोन कानाला लावला.

"मग मी काय हवेत घर बांधू?"

"असं काय बोलतेस ताई, हे घर तुझंच आहे की. कधीही ये, चार दिवस राहा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बापाचा शब्द मोडून वर मलाच पाहुणी करत होता. तोंडाला येईल ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि तेच मला खटकलं. ऐकून घेणाऱ्यातला तो कधीच नव्हता.

"त्याला नको बोलूस," मागून आई म्हणाली. "मधोमध घे असं मीच सांगितलं."

"तू? का?"

"दोन घरं शेजारी झाली की माझं काय होईल? हा म्हणेल, ताईकडे जा. तू म्हणशील, त्याच्याकडे जा. माझ्या मावशीचे असेच हाल झाले. एकच घर असलं की ढकलायला जागाच नाही."

"मी तुला जा म्हटलं असतं?"

"आज नाही म्हणणार," आई म्हणाली.

जागा गेल्याचं दुःख होतंच. पण मी तिला दाराबाहेर काढीन असं ती मनात धरून चालली होती, आणि वर माझ्यासमोर उन्हाचं कौतुक करत होती. ते जिव्हारी लागलं.

मिस्त्री दोरीखाली आखणी पक्की करायला पांढऱ्या फक्कीचं घमेलं घेऊन कधीचे ताटकळले होते. "मारू का फक्की?" त्यांनी विचारलं, धाकट्याला नाही, मला. प्लॉटवर माझंही नाव होतं. मी नको म्हटलं असतं तर काम तिथेच थांबलं असतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. ती घाबरली होती, आणि तिला भीती माझी वाटत होती.

"मारा," मी म्हणाले. "आई, तू जरा मागे हो, कपड्यांवर उडेल."