ढोलीतली तालीम

कुंता एमआरआयच्या मशीनमधून उठून पळाली, तीही दवाखान्याच्या हिरव्या झग्यात, थेट रिक्षा स्टँडपर्यंत. नागपूरचा डॉक्टर म्हणाला, डोकं हललं तर फोटोत गाठ नेमकी दिसत नाही, आणि ती दिसल्याशिवाय मी चाकू लावणार नाही. झालं! आता तिचा नवरा मनसाराम काय करणार?

पण हा गडी त्याच शहरात एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचा. तिथंही तसलंच मशीन. जाग्या उंदराला नळीत अडकवून त्याच्या मेंदूचा फोटो काढत. आता उंदीर काय सांगून ऐकतो होय? आधी थोडा वेळ नळीत, मग जास्त, मग मशीनचा आवाज टेपवर, आणि बाहेर काढलं की साखरपाणी. हळूहळू तो गप पडून राहायचा. मग बायकोला शिकवायला असं काय लागतं?

सुट्टी टाकून तो तिला गावी, मूलला, घरी घेऊन आला. धान साठवायची बांबूची ढोली रिकामी करून ओसरीत आडवी केली. टेपची गरज नव्हती, शेजारी राइस मिल होतीच.

"घूस आत."

"मले का उंदीर समजता?"

"उंदीर बरे. ते तोंड नाई चालवत."

शेजारच्या नीलाबाई विरजण मागायला आल्या. ढोलीतून दोन पाय बाहेर आलेले.

"कुंता कुठी हाये?"

"ढोलीत."

"बरं, मंग येतो," म्हणून त्या गेल्या.

मनसाराम तिच्या पायाचा अंगठा धरून बसायचा. बाहेर आली की गुळाचा खडा. एकदा तिनं आतूनच विचारलं, "फोटो झाल्यावर उंदराचं काय करता?"

"काय करतो? पिंजऱ्यात जाते, खाते, झोपते."

पुढं पुढं मिल धडधडत असतानाही ती हलेना.

नागपूरला ती मशीनमध्ये लाकडासारखी पडून राहिली. फोटो साफ आला. गाठ वरच्यावर आहे, निघेल, असं डॉक्टर म्हणाला. मनसाराम बाकावर बसून चारचौघांत ढसाढसा रडला.

परतीच्या एस्टीत मात्र तो फुशारकी मारू लागला. "पाह्यलं? होते सवय. उंदराले होते, तुले काऊन नाई होणार?"

"सवय डोंबलाची! जीव नुसता धकधक करत होता. पण तुमी मले बाहेर काढसान, हे मालूम होतं. म्हून पडून राह्यली."

मनसाराम खिडकीबाहेर पाहू लागला. खिशातला गुळाचा खडा द्यायचा राहूनच गेला. फोटो झालेल्या उंदरांना प्रयोगशाळेत संध्याकाळी सुई देऊन मारत, मेंदू कापून तपासायला. त्यांना पिंजऱ्यातून काढून द्यायचं काम त्याचंच होतं, आणि त्याच्या हाताला उंदीर कधी चावला नव्हता.