खंडेनवमीनंतर रुसलेली गाडी

"अक्का, आली असशील तर खूण दे!"

यंत्रानंद महाराजांनी मोरपिसांचा कुंचा फिरवला आणि धडधडणारं इंजिन खटकन बंद पडलं. विद्यानगरात प्रभंजनरावांच्या अंगणात जमलेल्या शंभरेक माणसांनी हात जोडले. शेजारच्या वनिताअक्कांनी रेसच्या गाडीच्या नाकाला कुंकूच लावलं.

प्रभंजनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची बायको कुसुमावती जाऊन आठ महिने झाले होते. महाराज अक्का म्हणत होते ते तिलाच. ती इथंच आहे, असं आज पहिल्यांदा कुणी सांगत होतं.

गाडी त्यांच्या मुलीनं, वेदश्रीनं, इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींबरोबर बनवलेली. रविवारी शर्यत. पण खंडेनवमीपासून ती मध्येच बंद पडायची. बॅटरी बदलली, तारा तपासल्या, उपयोग शून्य. महाराजांनी मात्र एका नजरेत निदान केलं.

"खंडेनवमीची पूजा यजमानानं बायकोवाचून केली. अक्का रुसली! आता ही गाडी शर्यतीत गेली तर अक्का मुलीलाही घेऊन जाईल. गाडी मठाला द्या."

"मठात शर्यती लागतात काय ओ?" वेदश्रीनं विचारलं.

"बाळ, शर्यत म्हणजे माया. इंजिन म्हणजे देह. पेट्रोल म्हणजे प्राण."

"आणि सायलेन्सर?"

महाराज जरा अडखळले. "मौन," म्हणाले.

"वेदू, गप्प!" प्रभंजनराव ओरडले. "आई गेली, आता तुलाही घालवू का? गाडी मठात जाईल. मी शब्द दिलाय."

"जाऊ दे, अप्पा. पण महाराजांना आईला एकदाच परत बोलवू द्या. फक्त रामूला खाली उतरवा."

रामू म्हणजे महाराजांचा शिष्य. विभूतीचं ताट मांडीवर घेऊन तो चालकाच्या जागेवर बसला होता.

"शिष्य आसन सोडू शकत नाही!" महाराज कडाडले.

"का? बेल्ट अडकलाय?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. प्रभंजनराव गाडीजवळ गेले. "रामू, इळी. उतर खाली."

इंजिन पुन्हा सुरू झालं. महाराजांनी अक्काला सात वेळा बोलावलं. इंजिन आपलं चालूच.

मग वेदश्रीनं वाकून एक बटण बंद केलं. आधी पंखा थांबला, पाठोपाठ इंजिन.

"मघाशीही आधी पंखाच थांबला होता. ते ऐकलं तेव्हा मला कळलं," ती म्हणाली. "पूजेसाठी आम्ही गाडी पाइपनं धुतली. पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेत पाणी गेलं, म्हणून दुसरा घातला. रिलेत तारेची गुंडाळी असते. वीज तोडली की ती साठवलेली शक्ती एकदम बाहेर फेकते. बारा व्होल्टच्या गाडीत क्षणभर शे-दोनशे व्होल्टचा झटका! त्यानं गाडीचा संगणक गांगरतो आणि इंजिन बंद पडतं. जुन्या रिलेत तो झटका जिरवणारा डायोड होता. नव्यात नाही. दिसायला दोन्ही सारखेच."

तिनं शेंगदाण्याएवढा डायोड आणला, पांढऱ्या पट्टीची बाजू पॉझिटिव्हला ठेवून गुंडाळीच्या दोन टोकांवर जोडला. दहा वेळा पंखा बंद केला. इंजिन एकदाही थांबलं नाही.

सगळे रामूकडे बघू लागले.

"दोन दिवस गाडी ढकलायला येत होतो," तो पुटपुटला. "पंख्याचं बटण बंद केलं की इंजिन थांबतं, हे कळलं, तसं महाराजांना सांगितलं. ताटाखालून अंगठ्यानं दाबत होतो."

अख्ख्या मठात संशोधन करणारा तो एकटाच निघाला. महाराजांनी मात्र मौन धरलं आणि फाटक गाठलं.

"पण अण्णा," वनिताअक्का चाचरत म्हणाल्या, "पूजा एकट्यानं..."

"कुसुम गेली, अक्का," प्रभंजनराव म्हणाले. त्यांनी जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. "आणि असती तरी लेकीला भीती घालायला आली नसती, एवढं तरी मला कळायला हवं होतं. ती मला हवी होती, म्हणून मी ताटाखाली बघितलं नाही. तुमच्या घरातलं माणूस जाईल तेव्हा असले लोक तुमच्याही दारात येतील. खुशाल रडा. पण खूण दाखवणाऱ्याचे हात आधी बघा. कसं झालं, ते विचारा. विचारल्यानं गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही."

मग ते वेदश्रीकडे वळले.

"रविवारी किती वाजता निघायचं?"